वॉटरप्रूफ परोपकार

माझ्या नावावर इस्टेट आहे. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो तो साधारण पाच सेकंद टिकतो. सहाव्या सेकंदाला तो विचारतो, "कुठं? कोकणात का?" आणि मला सांगावे लागते, "नाही, खाली पार्किंगमध्ये."

ज्या मोटारीचे छप्पर शेवटपर्यंत सरळ जाते आणि जिच्या पाठीमागे सामानासाठी जवळजवळ एक खोलीच काढलेली असते, तिला इंग्रज लोक 'इस्टेट कार' म्हणतात. जमीनदारांच्या इस्टेटीवरून रेल्वे स्टेशनापर्यंत पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका नेण्या-आणण्याचे काम ती करी. अमेरिकनांनी तीच गाडी दुसऱ्या टोकाने पाहिली आणि तिला 'स्टेशन वॅगन' म्हटले. आपल्याकडे हा प्रकार काही रुजला नाही. १९९२ साली 'टाटा इस्टेट' आली, २००४ साली 'इंडिगो मरीना' आली, आणि दोघीही यथावकाश गेल्या. मागे वेगळी, फुगीर डिकी दिसल्याशिवाय आपल्या माणसाला गाडी घेतल्यासारखे वाटत नाही. माझी मरीना पहिल्यांदा सोसायटीत शिरली तेव्हा वॉचमनने तिला सामानाची गाडी समजून मागच्या गेटाने यायला सांगितले होते.

गाडी २००८ सालची, माझ्याकडे आली ती सेकंडहँड. २०२३ साली तिला पंधरा वर्षे झाली, तेव्हा आरटीओने तपासून तिला आणखी पाच वर्षांचे आयुष्य मंजूर केले. अशी लेखी मंजुरी मलासुद्धा कुणी दिलेली नाही.

तर या गाडीच्या डिकीत वॉटरप्रूफ असे काय अंथरावे, असा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी उभा राहिला. डिकीतल्या मूळच्या करड्या गालिच्यावर चिखलाचा एक मोठा डाग पडला होता. तो कसा पडला ते पुढे येईलच. डागापेक्षा वास भारी होता. सौ. म्हणाली, "डिकी उघडली की मुठा नदी घरात येते. त्याच्यावर काहीतरी टाका, नाहीतर गाडी टाका." इस्टेट टाकण्यापेक्षा इस्टेटीत काहीतरी टाकणे स्वस्त पडेल, असा हिशेब करून मी नाना पेठ गाठली.

"काका, गाडी कुठली?"

(चाळिशी ओलांडलेल्या माणसाला या दुकानांत आधी 'काका' म्हणतात आणि मग भाव सांगतात. दोन्ही धक्के एकदमच बसलेले बरे.)

"मरीना."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. "मरीना? चालू आहे?"

"तिच्यातूनच आलोय."

मग त्याने मला समजावून सांगितले. उत्तम वस्तू म्हणजे चारी बाजूंनी काठ उचललेला, साच्यातून काढलेला ट्रे. परातीसारखा. पाणी सांडले तरी परातीतच राहते. ट्रे उचलायचा, ओतून टाकायचा. पण साचा प्रत्येक गाडीचा वेगळा, आणि बंद झालेल्या गाडीसाठी साचा कोण पाडणार? तेव्हा परात बाद. मग त्याने 'सेव्हन डी' मॅट दाखवली. तुम्ही-आम्ही राहतो ते जग तीन मितींचे. आइन्स्टाइनने त्यात काळ घालून चार केल्या, तर त्याला एवढी कीर्ती मिळाली. नाना पेठेत सात मिती मीटरवर मिळतात. वरून रेग्झिन, आत फोम आणि सगळीकडे चौकटीचौकटींची शिलाई. आता जिथे शिलाई तिथे भोके, आणि जिथे भोके तिथे पाणी आत, हे बी.कॉम. झालेल्या माणसालाही कळते. नंतर आली नूडल मॅट, म्हणजे प्लॅस्टिकच्या शेवयांचे गुंतवळ.

"ह्यातून पाणी खाली जाईल की हो!"

"जाईल ना. पण दिसणार नाही, काका."

या वाक्यावर मी दुकानात दोन मिनिटे नुसता उभा होतो. कितीतरी संसार, कितीतरी संस्था आणि एकदोन बँकासुद्धा याच तत्त्वावर चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

राहता राहिले जाड रबर. कापून मापाचे करता येते, मजबूत असते. वजन मात्र भरपूर, आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीत बसले की पंक्चरच्या दुकानात बसल्याचा भास होतो. त्यातही एक मेख आहे. सपाट रबराला काठ नसतो. पाणी त्याच्यावरून ओघळून कडेने खाली जाते आणि खाली गेलेले पाणी वर येऊ शकत नाही, कारण वर वॉटरप्रूफ रबर! तळाचा पत्रा मग अंधारात, कुणालाही न कळता, निवांत गंजत राहतो. वॉटरप्रूफपणा दोन्ही बाजूंनी चालतो, ही गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. एकाच बाजूने वॉटरप्रूफ आणि तरी आतून कोरडी, अशी हमी दिलेली एकच वस्तू मला माहीत आहे. ती म्हणजे आत्मा. तशी हमी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण त्याचेही माप मरीनाला बसणार नाही.

शेवटी दुकानदाराने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "काका, डिकीतून नेता काय?"

मी आठवू लागलो. पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि कधी येतही नाही. नर्सरीतली रोपे. मेहुणीकडच्या आंब्याच्या पेट्या. विसर्जनाला जाताना गणपती आणि येताना ओला पाट. शेजाऱ्यांचा बिघडलेला मिक्सर, वरच्या मजल्यावरच्यांची गादी, कुणाच्या तरी मुलाचे हॉस्टेलचे सामान. यादी करता करता लक्षात आले की यातले निम्म्याहून जास्त माझे नव्हतेच. मोठी डिकी असलेला माणूस म्हणजे विहिरीवर घर असलेला माणूस. सगळ्या आळीला त्याची आठवण असते.

"मग विचार करून या," दुकानदार म्हणाला. अनुभवी माणूस होता.

घरी येऊन मी जमाखर्च मांडला. मोटारीला घसारा कसा लावायचा हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते: उरलेल्या किमतीवर दरसाल पंधरा टक्के. या हिशेबाने दहा वर्षांनी रुपयाचे वीस पैसे राहतात आणि सतरा वर्षांनी सहा. गंमत अशी की या पद्धतीने किंमत कधीही शून्य होत नाही, काहीतरी उरतेच. हे मला एखाद्या अभंगाच्या तोडीचे वाटते, पण परीक्षेत त्याला दोनच मार्क होते. आता सहा पैशांच्या डिकीला वाचवायला अठराशे रुपयांचे रबर घालावे का? सौ. म्हणाली, "विकताना बरं पडतं." विकताना! ॲरिस्टॉटलने पायातल्या बुटाचे उदाहरण देऊन लिहिले आहे की त्याचे उपयोग दोन: एक तो घालणे आणि दुसरा तो देऊन बदली काहीतरी घेणे. पायात घालायचा हा त्याचा खरा उपयोग. इंग्रज लोक डिकीलाही 'बूट'च म्हणतात, हा केवळ योगायोग. पण आपण मात्र सगळी चप्पल-दुकाने दुसऱ्या उपयोगावर चालवली आहेत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजवर झालर, सोफ्यावर खोळ, बॅगेला बाहेरून बॅग. आमच्या इमारतीत एकांची मोठी गाडी आहे. तिच्या सीटांवरचे कंपनीचे प्लॅस्टिक दोन वर्षे झाली तरी निघालेले नाही. बसले की कुरकुर आवाज येतो. गाडी पुढच्या मालकासाठी राखून ठेवली आहे आणि हे गृहस्थ तूर्त तिचे रखवालदार म्हणून काम बघतात.

बँकेत मात्र मी रोज वेगळेच पाहतो. मळकी नोट घेऊन या. आम्ही तिची पूर्ण किंमत देतो. शंभरातले पाच रुपये मळापोटी कापत नाही. मळकी म्हणजे ती भाजीवाल्याकडे गेली, रिक्षावाल्याकडे गेली, कुणाच्या औषधाला गेली. कपाटात जपलेल्या कोऱ्या करकरीत नोटेने आजवर कुणाला पावकिलो मिरची आणून दिलेली नाही. डागाने किंमत कमी न करणारी संस्था माझ्या माहितीत एवढी एकच, आणि तिचा मला पगार मिळतो म्हणून मी हे म्हणतो असे समजू नये.

पण सौ.चा खरा मुद्दा वेगळाच होता. "अहो, विकायचं सोडा. काहीतरी टाकलेलं असलं की कुणी काही न्यायला सांगितलं तर पटकन हो म्हणता येतं. मनात येत नाही, की खराब होईल म्हणून."

मुद्दा बिनतोड होता आणि तोच मला नडला. आमच्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्यापुढे मी चुकून (नव्हे, चहाच्या आशेने) हा विषय काढला. त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला की जर्मनी येते.

"म्हणजे लायनर घातल्यावर तुम्ही जी मदत कराल तिच्यात तुमचं काहीच बिघडणार नाही?"

"नाही. म्हणून तर घालायचा."

"मग तिची नैतिक किंमत काय?"

मग त्यांनी मला कांट सांगितला. १७८५ सालच्या त्याच्या एका पुस्तकात एक दुकानदार आहे. तो लहान पोरालाही मोठ्याइतकाच भाव लावतो, फसवत नाही. का? तर नाव राहते आणि धंदा चालतो म्हणून. कांट म्हणतो, वागणे बरोबर आहे, पण ते कर्तव्य म्हणून केलेले नाही; तेव्हा नीतीच्या खात्यावर जमा काही नाही. इतकेच नव्हे, ज्याला दुसऱ्यांना मदत करायला मनापासून आवडते त्यालाही तो पुरते मार्क देत नाही, कारण आवडीचे काम करण्यात कसली आली नीती! स्वतः दुःखात बुडालेला, मदतीची इच्छाच न उरलेला माणूस केवळ कर्तव्य म्हणून उठतो आणि मदत करतो, तो पास. हा गृहस्थ आमच्या इन्स्पेक्शन खात्यात फार वर जाता.

"म्हणजे डिकी खराब झाली तरच पुण्य?" मी विचारले.

"खराब होईल हे माहीत असताना 'हो' म्हटलंत, तर आपण पुढे बोलू," ते म्हणाले आणि त्यांनी चहा एकट्यासाठीच मागवला. बहुधा मधुमेहामुळे, मी त्याचा तात्त्विक अर्थ लावला नाही.

आता तो डाग. २५ जुलै २०२४ ला पुण्यात तुफान पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला एकतानगरी आणि आसपास ते घराघरांत शिरले. आमच्या शाखेतले शिपाई नदीकाठच्याच एका वस्तीत राहतात. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते मला साहेब म्हणतात. मी क्लार्क आहे. साऱ्या बँकेत मला साहेब म्हणणारे ते एकटेच. दोन दिवसांनी ते कामावर आले आणि नेहमीसारखे व्हाउचर वाटू लागले. घरात कमरेएवढे पाणी होते हे तिसऱ्याच माणसाकडून कळले. वाचलेले सामान हडपसरला लेकीकडे न्यायचे होते आणि टेम्पोवाल्यांनी त्या आठवड्यात भाव सोन्याला नेऊन भिडवला होता.

"मामा, माझी गाडी आहे की."

"नको साहेब. लई घाण हाये सामान."

"असू दे हो."

संध्याकाळी गेलो. दोन गाद्या, एक शिलाई मशीन, पत्र्याची ट्रंक, नातवाची दप्तरे. सगळ्यातून पाणी ठिबकत होते. आणि मामांच्या हातात खताच्या दोन गोण्या होत्या, उसवून, धुऊन, वाळवून, नीट घडी घातलेल्या. आधी त्यांनी त्या माझ्या डिकीत अंथरल्या, कोपरे हाताने दाबले आणि मग पहिली गादी उचलली. अख्ख्या वस्तीत कोरडे म्हणावे असे काही नव्हते. ज्या माणसाचे स्वतःचे घर गाळात होते त्याने माझा गालिचा भिजू नये म्हणून दोन कोरड्या गोण्या कुठून पैदा केल्या, हे मला अजून समजलेले नाही. गोण्या पुरल्या नाहीत. त्यांना काठ नव्हता. हडपसरपर्यंत मामा मान वळवून वळवून मागे बघत होते. मला आधी वाटले, मशीनकडे बघताहेत.

डाग त्या दिवशीचा.

एक गोष्ट मी नंतर एका जुन्या इंग्रजी डिक्शनरीत वाचली, आमच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या. 'डिकी' हा शब्द आपण मराठीच समजतो, इतका तो आपला झाला आहे. तो मूळ घोडागाडीच्या मागच्या बाजूला असलेल्या उघड्या बैठकीचा. तिथे नोकर बसत. आणि 'बूट' हीदेखील कोचगाडीच्या बाहेरच्या बाजूची उघडी जागा, तीही नोकरांच्या बसण्याची. मालक आत, काचेमागे. पाऊस आला की नोकर भिजे. पुढे नोकर गेला, त्या जागी सामान आले, वर झाकण बसले, आणि आता आम्ही नाना पेठेत उभे राहून ती जागा भिजू नये म्हणून काय अंथरावे याची चौकशी करतो. घोडागाडीच्या काळात त्या बैठकीसाठी वॉटरप्रूफ मॅट कुणी मागितली असेल असे वाटत नाही.

अठराशे रुपये खर्च करण्यापूर्वी आणखी एक सल्ला मिळाला तोही नोंदवतो. आमचा गॅरेजवाला म्हणाला, "कशाला पैसे घालवता? फ्लेक्स टाका." हा खरोखर महाराष्ट्राचा राष्ट्रीय वॉटरप्रूफ आहे. नेत्याचा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशीपासून त्याच फ्लेक्सखाली कांदा कोरडा राहतो, हातगाडी कोरडी राहते, कितीतरी गरिबांची छपरे पावसाळा काढतात. जनतेला निवारा देण्याचा शब्द एवढा तंतोतंत पाळलेला दुसरा कुठे दिसत नाही. पण डिकीत भाऊंचा चेहरा वर करून अंथरला तर त्यावर ओले बोंबील ठेवायचे धाडस होईना, आणि खाली करून अंथरला तर कुणी पाहिल्यावर काय, याची काळजी. लोकशाहीत हे प्रश्न नाजूक असतात. मी रबर घेतले. दुकानदाराने कडेला दोन बोटे उंचीची रबराची पट्टी चिकटवून दिली, म्हणजे काठ झाला. महिन्यातून एकदा ते उचलून खालचा पत्रा वाळवायचा, असे मी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

रबर आल्यावर कांटचे काय झाले? सांगतो. पुढच्याच रविवारी प्राध्यापक दारात. हातात मातीने लडबडलेल्या चार कुंड्या. "मुलीकडे कोथरूडला द्यायच्या होत्या. कधीच्या पडल्यात. तुमची गाडी खराब होईल म्हणून विचारत नव्हतो. आता तुम्ही ते रबर घातलंत म्हटल्यावर..."

मी कुंड्या पोचवल्या. येताना डोक्यात एकच चाललेले: कांटने हिशेब देणाऱ्याच्या बाजूने मांडला, घेणाऱ्याचे खाते उघडलेच नाही. मदत करणाऱ्याचे पुण्य किती, हे ठरवायला जर्मनीत एक आख्खे पुस्तक लागले. पण मागणाऱ्याला मागताना किती जड जाते, त्याने किती दिवस कुंड्या तशाच ठेवल्या, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? माझे काहीच बिघडत नाही हे त्याला स्वच्छ दिसले, म्हणून तो सरळ बेल वाजवू शकला. त्याने माझे पुण्य घटले असेल तर घटो. तेवढा घसारा मी सोसायला तयार आहे. प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हा मुद्दा चांगला आहे, पण कांटचा नाही." त्यांच्या तोंडून ही स्तुती समजायची.

तर या सिद्धान्तावर मी बराच खूश होतो. २०२५ च्या जूनमध्ये मामांना गावाहून आलेली तांदळाची दोन पोती एसटी स्टँडवरून घरी न्यायची होती. पाऊस लागलेला. मी म्हटले, मामा, चला. या वेळी ते नको म्हणाले नाहीत. मी डिकी उघडली आणि जरा थाटातच दाखवली: काळेभोर रबर, चारी बाजूंनी काठ.

"बघा मामा. पूर्ण वॉटरप्रूफ. काही म्हणजे काही होत नाही. खाली काही टाकायची गरजच नाही आता."

मामांनी वाकून बघितले. कडेच्या पट्टीवरून बोट फिरवले.

"झ्याक हाये," ते म्हणाले. "नवीन दिसतंय, साहेब." आणि त्यांनी काखोटीची पिशवी उघडून घडी घातलेली गोणी बाहेर काढली.